फुली मारलेलं तेवढंच

४ जानेवारी

ती. बाबा,

हे पत्र तुम्ही टोपली उघडल्यानंतरच वाचणार, हे मला माहीत आहे. त्यामुळे आतापर्यंत जे काही चावून झालं असेल त्याला संस्था जबाबदार नाही.

टोपलीत आहे ते लॅब्रॅडॉर जातीचं पिल्लू, वय आठ आठवडे, नंबर सतरा. आमची संस्था ज्यांना दिसत नाही अशा माणसांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करते. पण पिल्लाचं पहिलं वर्ष साध्या घरात, माणसांत जावं लागतं. अशा घराला आम्ही पालक घर म्हणतो. मोठ्या बाई, म्हणजे माझ्या वरिष्ठ, कुठलं पिल्लू कुठे जाईल ते ठरवतात. त्यांच्या यादीत सगळे बंगले होते, पुढे बाग असलेले, आणि घरात निदान दोन माणसं शिकलेली. मी भर बैठकीत म्हटलं, की ज्याला दिसत नाही तो माणूस काही बंगल्यातच जन्मत नाही. पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या अशा घरातही तो राहतो, आणि अशा घरातही पिल्लू नीट वाढू शकतं. बाई म्हणाल्या, "एक पिल्लू देते. दाखव करून."

तेव्हा बाबा, हे तुमच्या हातात आहे.

सोबत मार्गदर्शक पुस्तक आहे. पिल्लावर हात उगारायचा नाही. चावलं तर त्याच्या भावंडांसारखं जोरात किंचाळायचं आणि पाठ फिरवायची. जुनी चप्पल, जुनं फर्निचर चावायला देऊ नका, कारण जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे त्याला कळत नाही. दर आठवड्याला एक फॉर्म भरून पाठवायचा. फोन नको. फोनवर तुमच्या हातोडीशिवाय काहीच ऐकू येत नाही.

वर्षाअखेर तो इथे पुढच्या शिक्षणासाठी येईल. मधे त्याला अपात्र ठरवलं, तर त्याला ठेवून घेण्याचा पहिला हक्क पालक घराचा असतो. पण तशी वेळ येणार नाही.

आईला नमस्कार.
तुमची लेक


१२ जानेवारी

चि. पदवीधर बाईंस,

नापास झाला तर बक्षीस, पास झाला तर जप्ती. शिकलेल्या लोकांचे नियम वाचून नेहमीच समाधान वाटतं.

पुस्तक पाहिलं. त्यात एक बाई गालिच्यावर बसून हसते आहे आणि पिल्लू तिच्या हाताकडे प्रेमाने बघतं आहे. बाईचे दोन्ही हात शाबूत आहेत, त्यावरून चित्र पिल्लू येण्याआधी काढलेलं दिसतं. माझे हात सोबत पाठवता येत नाहीत. आले असते तर तुझ्या बैठकीत फिरवले असते.

किंचाळायचं म्हणालीस. खुर्चीच्या आसनाला कापड ठोकताना माझ्या तोंडात वीस-पंचवीस बारीक खिळे असतात, हे तू रांगत होतीस तेव्हापासून बघते आहेस. ते तोंडात असताना माणूस किंचाळला तर पुढे काय होतं, हे तुमच्या अभ्यासक्रमात नसावं. मी पुस्तकाप्रमाणे पाठ फिरवली. त्याने पाठीमागून पँटचा पाय धरला. पुस्तकात पाठीमागचं पान नाही.

सतरा हे काही नाव नव्हे. त्याचे दात मी स्वतः अनुभवले आहेत, म्हणून मी त्याला कात्र्या म्हणतो. कात्र्या म्हटलं की वळून बघतो. सतरा म्हटलं तर अठराची वाट बघत बसतो.

फॉर्म भरला आहे. 'तक्रार असल्यास' ही जागा फार लहान ठेवली आहे, तेवढी वरिष्ठांच्या कानावर घाल.

तुझा बाप

ता. क. मी आई. रडत होता पहिल्या दिवशी. यांनी त्याची टोपली दुकानात हातोडीजवळ नेऊन ठेवली. ठोकण्याच्या आवाजात झोपतो. तूही तशीच झोपायचीस.


१९ जानेवारी

ती. बाबा,

पुस्तक परिपूर्ण नाही, हे मान्य. पण त्यामागचा विचार चांगला आहे. भीती दाखवून शिकवलेलं प्राणी विसरतो, प्रेमाने शिकवलेलं लक्षात ठेवतो. मी हे परीक्षेत लिहिलं आहे आणि त्यावर माझा विश्वासही आहे, दोन्ही गोष्टी एकदम होऊ शकतात.

खिळ्यांचा प्रश्न मी सोडवला आहे. चावला की तुम्ही पाय आपटा, आई आतून किंचाळेल.

हिरड्या शिवशिवतात म्हणून तो चावतो, त्यात वाईट हेतू नसतो. ओला फडका पिळून बर्फाच्या कप्प्यात गोठवा आणि चघळायला द्या. आणि कृपा करून फॉर्मवर त्याचं नाव सतराच लिहा. मोठ्या बाईंनी 'कात्र्या कोण?' असं लाल शाईने विचारलं आहे.

तुमची लेक


२ फेब्रुवारी

चि. सौजन्यमूर्तीस,

तुझी योजना अमलात आणली. काल एक गिऱ्हाईक सोफ्यासाठी कापडाचा रंग निवडत उभं होतं. कात्र्याने माझा अंगठा धरला, मी पाय आपटला, आणि आतून तुझ्या आईने अशी किंकाळी फोडली की कात्र्याने अंगठा सोडला आणि गिऱ्हाइकाने दुकान. रंग कुठला ठरला ते अजून कळलेलं नाही.

गोठवलेला फडका त्याला आवडतो. फडका संपला की तो पुन्हा कामाला लागतो. माझ्या टेपचे पहिले चार इंच त्याने खाल्ले. आता मी प्रत्येक मापातून चार वजा करतो, त्यामुळे या वयात गणित सुधारतं आहे. दातांच्या डॉक्टरांच्या बारा खुर्च्या आल्यात, पेशंट बसतात त्या. त्यातल्या एकीचा पाय त्याने चघळला. डॉक्टरांना दातांच्या खुणा बघायची सवय असेल असं धरून चाललो आहे.

पण एक गोष्ट गमतीने सांगत नाही. जे कापड उसवायचं त्यावर मी खडूने फुली मारतो. माझे वडील मारायचे. फुली असेल तर उसव, नसेल तर हात लावू नकोस, एवढा एकच कायदा या दुकानात दोन पिढ्या चालला. तुझा पाहुणा फुली बघत नाही. परवा नवं शिवलेलं आसन, वरचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं, ते त्याने कोपऱ्यापासून उघडलं. मी हात उगारला नाही. उगारावासा वाटला, हे फॉर्मवर लिहायला जागा नाही.

तुझा बाप

ता. क. किंचाळायचं काम माझ्याकडेच राहू दे. लग्नानंतर इतक्या मोकळेपणी ओरडायला पहिल्यांदाच मिळतं आहे. पोराचा एक दुधाचा दात जमिनीवर सापडला, बटणांच्या डबीत ठेवला आहे. संस्थेला हवा असेल तर देणार नाही. — आई


१० फेब्रुवारी

ती. बाबा,

नव्या आसनाचं ऐकून वाईट वाटलं. तरीही पुस्तकाचं पान एकतीस पुन्हा वाचा. जे करू नये त्यावर ओरडण्यापेक्षा जे करावं त्याचं कौतुक करा. त्याला काय चालेल ते स्पष्ट दाखवा, मग काय चालत नाही ते त्याचं त्याला कळेल. थोडा धीर धरा.

मोठ्या बाईंनी काल सगळ्यांसमोर विचारलं, की तुझ्या घरचा प्रयोग कसा चालला आहे. मी म्हटलं, उत्तम. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

तुमची लेक


२४ मार्च

चि. लेकीस,

सहा आठवडे फॉर्मवर नुसतं 'ठीक' लिहून पाठवलं म्हणून रागावली असशील. खरंच ठीक आहे. कात्र्याने चावणं सोडलं. हात सोडले, खुर्च्यांचे पाय सोडले, टेप सोडला. दुकानात या घडीला एकोणीस खुर्च्या आणि तीन सोफे आहेत. तो त्यांच्यामधून फिरतो आणि कशाला तोंड लावत नाही. तुझं पान एकतीस वाचलं. काय चालेल ते स्पष्ट दाखवलं.

दातांच्या डॉक्टरांच्या बारा खुर्च्या उसवायला मला चार दिवस लागले असते. दोन दिवसांत झाल्या. मन लागलं की हात चालतो.

इथे पत्र संपवतो, नाहीतर कौतुकाची सवय लागायची.

तुझा बाप

ता. क. खडू संपले. दुकानदार म्हणतो, शाळा काढलीत का? तिकडून दोन डबे पाठव. — आई


३ एप्रिल

ती. बाबा,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं, आणि पाचव्यांदा मोठ्या बाईंना वाचून दाखवलं. 'कौतुकाची सवय' हे वाक्य गाळून.

संस्थेच्या पत्रिकेत मी यावर लेख लिहिला आहे. 'पुस्तकातली पद्धत सामान्य घरात'. ज्या घरात मी पहिली पदवीधर, त्या घरात शास्त्रीय पद्धत रुजू शकते, तर कुठेही रुजेल, असा मुद्दा आहे. अंक सोबत आहे. पाचव्या पानावर 'एक ज्येष्ठ कारागीर' म्हणून तुम्हीच आहात.

खडूचे दोन डबे पाठवत आहे. तुम्ही भिंतीवर त्याची उंची मोजून ठेवता आहात ना? छान कल्पना आहे, लेखात घालायला हवी होती.

तुमची लेक


११ एप्रिल

चि. लेखिकाबाईंस,

लेख वाचला. ज्येष्ठ कारागीर फार गुणी माणूस दिसतो. तो पिल्लाशी 'संयमी संवाद' साधतो असं लिहिलं आहे. भेटला तर विचारीन, कुठल्या भाषेत.

'सामान्य घर' हे चार वेळा आलं आहे. मी मोजलं. घर सामान्यच आहे, पण चार वेळा सांगितलं की ऐकणाऱ्याला आपण लाजतो आहोत असं वाटतं. हे सुचवणं झालं, तक्रार नव्हे. तक्रारीची जागा लहान आहे.

खडू मिळाले. भिंतीवर उंची मोजायची कल्पना चांगली आहे. उद्यापासून मोजू.

तुझा बाप


२२ मे

बाबा,

मोठ्या बाई तुमच्याकडे येऊन गेल्या, हे मला त्यांच्या अहवालावरून कळलं. तुमच्या फॉर्मवर एवढंच आहे: 'पाहुण्या आल्या. चहा घेतला. कोट जरा उसवला.' जरा?

त्यांचा अहवाल माझ्या टेबलावर आहे. आम्ही पालक घरांना न सांगता जातो, तसं त्या अकरा वाजता आल्या. बाकीच्या खुर्च्यांवर प्लॅस्टिक होतं म्हणून आईने त्यांना एका जुन्या खुर्चीवर बसवलं. सतरा नंबरचं पिल्लू तासभर बावीस खुर्च्यांच्या मधोमध शांत पडून होतं. त्यांनी मुद्दाम पर्स जमिनीवर ठेवली, त्याने वासही घेतला नाही. त्यांनी 'उत्कृष्ट' लिहिलं. मग त्या उठल्या, दाराकडे वळल्या, आणि तो शांतपणे उठून मागून आला आणि त्याने त्यांचा संस्थेचा निळा कोट पाठीवर धरून खालपर्यंत फाडला. 'कोणतीही चिथावणी नसताना', असे त्यांचे शब्द आहेत. 'उत्कृष्ट' खोडून खाली 'चावरा?' लिहिलं आहे.

बैठकीत त्या म्हणाल्या, "वर्कशॉपमध्ये वाढलेलं कुत्रं वर्कशॉपसारखंच वागणार." त्या कुत्र्याबद्दल बोलत होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते.

पालक घराचा लेखी खुलासा पंधरा जूनपर्यंत आला नाही, तर प्रश्नचिन्ह काढून टाकतील. मग तो अपात्र. आणि माझ्या आयुष्यात तरी इथलं दुसरं पिल्लू तुमच्या-आमच्यासारख्या घरात जाणार नाही.

नेमकं काय झालं, बाबा? मला खरं हवं. मी ते जसंच्या तसं फाइलला लावणार आहे, हेही आत्ताच सांगून ठेवते.

लेक


३० मे

बाळ,

मी आई लिहिते आहे. तू यांच्या पत्राची वाट बघत असशील. ते लिहायला बसतात, दोन ओळी लिहितात, कागद फाडतात आणि फॉर्मकडे बघत राहतात. पहिले दोन दिवस तर फार खुशीत होते. कात्र्याला म्हणाले, "कळलं का, नापास झालास." आणि त्याला पोटावर खाजवत बसले. मला वाटलं, बरंच झालं. मलाही तो जायला नको आहे, उगीच खोटं कशाला सांगू. घरात कुणीतरी आपल्याला बघून रोज उड्या मारतं याची सवय होते.

पण तिसऱ्या दिवशी तुझं पत्र पुन्हा काढलं, आणि तेव्हापासून यांचं डोकं ठिकाणावर आहे असं मला वाटत नाही. घरभर खडूने फुल्या मारत सुटले आहेत. सोफ्यावर, दारावर, माझ्या एप्रनवर, स्वतःच्या पँटवर. फुली मारतात, कात्र्या आला की "नाही" म्हणतात, आणि तो थांबला की बिस्कीट देतात. दिवसभर हेच. तो बिचारा गोंधळलाय. काल एका फुलीसमोर बसून यांच्या तोंडाकडे बघून रडला. हेही आत निघून गेले.

दुकानातलं काम पडून आहे. बाईंचा कोट मात्र शिवून, इस्त्री करून पाठवला.

तूच विचार यांना.

आई


६ जून

चि. लेकीस,

आज टोमणे नाहीत. सोबत संस्थेच्या नावाने लेखी खुलासा आहे, फाइलला लाव. तुला तेच जरा सविस्तर सांगतो.

तो चावरा नाही. फेब्रुवारीत मला तो आवरेना. एकदा फुली मारलेला सोफा उसवत होतो, तर तो दुसऱ्या टोकाने ओढायला लागला. मी ओढू दिलं. चांगलं ओढलं म्हणून पाठ थोपटली. मग बिनफुलीच्या खुर्चीकडे वळला तेव्हा "नाही" म्हटलं. पंधरा दिवसांत त्याला कायदा कळला. फुली असेल तर उसव, नसेल तर तोंड लावू नकोस. माझ्या वडिलांना मला हे शिकवायला दोन वर्षं लागली होती. तुमच्या पुस्तकात फर्निचर देऊ नका असं लिहिलं आहे ते मी वाचलं होतं. मला वाटलं, त्या पुस्तकवाल्यांकडे खडू नसेल.

डॉक्टरांच्या बारा खुर्च्या दोन दिवसांत मी नाही, आम्ही उसवल्या.

त्या दिवशी सकाळीच एका जुन्या खुर्चीच्या पाठीवर मी फुली मारली होती. बाई न सांगता आल्या, बाकी खुर्च्यांवर गिऱ्हाइकांचं नवं कापड, म्हणून तुझ्या आईने तीच पुढे केली. बाई तासभर टेकून बसल्या. उठल्या तेव्हा फुली त्यांच्या कोटावर होती. मला दिसली, पण तोंडात खिळे होते. खिळे थुंकेपर्यंत त्याने काम संपवलं होतं. मी शिकवलं तसंच, शिवणीपासून. कोट दुरुस्त करताना बघितलं, कापड कुठेही फाटलं नव्हतं. नुसती शिवण उघडली होती, वरपासून खालपर्यंत सरळ. बाईंच्या अंगाला ओरखडाही नव्हता. 'फाडला' हा शब्द चुकीचा आहे, एवढं बाईंना सांग.

मी लगेच का लिहिलं नाही, ते ऐक. गप्प बसलो असतो तर तो माझा होता. तुझाच नियम. मी गप्प बसणारच होतो.

तू चौथीत होतीस. गणित होतं, वीस इंचांच्या आसनाला किती इंच कापड लागेल? तू बावीस लिहिलंस. दोन्ही बाजूंना दुमडायला एकेक इंच जादा धरायचा, हे मी तुला शिकवलं होतं. मास्तरांनी भोपळा दिला आणि वहीवर 'लक्ष नाही' असा शेरा मारला. तू घरी येऊन म्हणालीस, "बाबा, तुम्ही सांगा ना मास्तरांना." मी गेलो नाही. मास्तरांसमोर माझ्यासारख्याने काय बोलायचं, म्हणून. आपण सांगितलं तेच पोराने केलं, आणि शेरा पोराच्या नावावर. ते तेव्हा राहून गेलं.

म्हणून दहा दिवस फुली विसरायला शिकवलं. शिकवण्यापेक्षा विसरायला लावणं अवघड आहे, त्याला आणि मलाही. आता फुली बघून तो खाली बसतो. बाईंना म्हणावं, हवं तर स्वतः फुली मारून बघा.

तुझा बाप


२८ जून

ती. बाबा,

चाचणीसाठी तुम्ही त्याला गाडीने पाठवलंत आणि स्वतः आला नाहीत. चिठ्ठीत लिहिलंत, गिऱ्हाईक आहे. बरं, गिऱ्हाईक होतं असं धरते.

तुमचा खुलासा मी बैठकीत वाचला, जसाच्या तसा. खडूवाल्या वाक्याला कुणीतरी हसलं, मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी हॉलमध्ये बारा खुर्च्या मांडायला सांगितल्या, त्यातल्या तीन खुर्च्यांवर फुल्या मारल्या. मग तो निळा कोट घातला, माझ्या हातात खडू दिला आणि पाठ केली. मी मारलेली ती फुली कमी आणि कोंबडीचा पाय जास्त दिसत होती.

तो पहिल्या खुर्चीपाशी आला. फुली बघितली, बसला. दुसरीपाशी, तिसरीपाशी तेच. मग बाईंच्या मागे आला. बराच वेळ फुलीकडे बघत होता. शेपूट एकदा हलली आणि थांबली. मग तो बसला आणि मान वळवून दाराकडे बघत राहिला. कुणाची वाट बघत होता ते मी बाईंना सांगितलं नाही. मला वाटतं त्यांना कळलं.

त्यांनी 'चावरा?' खोडून पुन्हा 'उत्कृष्ट' लिहिलं. फाइलवर आता इतकी खाडाखोड आहे की ती माझ्या वहीसारखी दिसते. जाताना कोट काढून त्यांनी पाठीची शिवण बघितली आणि म्हणाल्या, "हा आधी इतका नीट शिवलेला नव्हता." वर्कशॉपबद्दल जे बोलल्या होत्या ते त्यांनी मागे घेतलं नाही. पण पुढच्या पिल्लांसाठी घरांची यादी करायचं काम माझ्याकडे दिलं, आणि 'बाग' हा रकाना काढून टाक म्हणाल्या.

पत्रिकेतल्या माझ्या लेखाची दुरुस्ती मी लिहून दिली आहे. 'सदर यश पुस्तकातल्या पद्धतीचे नसून ज्येष्ठ कारागिराचे आहे, आणि त्या घराला सामान्य म्हणण्यात लेखिकेची चूक झाली.' शेवटच्या पानावर येईल, हरवलेल्या छत्रीच्या सूचनेखाली.

डिसेंबरपर्यंत तो तुमच्याकडेच आहे. नंतर मी रोज त्याला बघेन. कात्र्या म्हणूनच हाक मारीन. फाइलवरही आता तेच लिहिलं आहे, माझ्या अक्षरात.

भोपळ्याचं मी विसरले होते. आता आठवलं. बावीस बरोबर होतं, बाबा.

तुमची लेक


२० डिसेंबर

(संस्थेच्या साप्ताहिक फॉर्मवर)

पिल्लाचा नंबर: नाही. गेल्या सोमवारी तुमच्या गाडीने नेलं. टोपलीत मावत नव्हता, पुढच्या सीटवर बसून गेला. मागे वळून बघितलं नाही. चांगलं शिकवलं असणार कुणीतरी.

खाणं: व्यवस्थित. दोन माणसांचं करायचं, तुझी आई अजून तिघांचं करते.

झोप: हातोडीच्या आवाजात कुणी झोपत नाही.

चावणं: माझे हात पूर्ण बरे झाले आहेत. चित्रातल्या बाईसारखे दिसतात.

वस्तूंची नासधूस: एक मोठा सोफा आला आहे. सवयीने फुली मारली आणि बाजूला सरकून उभा राहिलो. तुझी आई दारातून बघत होती. मग कात्री घेतली. एका सोफ्याला पूर्ण दिवस गेला.

पालकांचं वर्तन: तुझ्या आईला किंचाळायला कारण उरलेलं नाही, त्यामुळे ती माझ्याशी बोलते. बटणांची डबी आता खिडकीत ठेवली आहे. कुणाला हात लावू देत नाही.

तक्रार असल्यास: जागा अजून लहानच आहे. हा शेवटचा फॉर्म होता, नवे पाठव. नुसते फॉर्म पाठवू नकोस.